पाणी, डिझेल आणि वाळू : आफ्रिकेच्या जंगलात स्वतःच्या जिवावर कॅम्पिंग करायचं, तर तयारी कशी करायची?

गाडीच्या टपावर उघडलेला तंबू, खाली पेटलेली शेकोटी, मागे लालभडक सूर्यास्त आणि लांबून येणारी सिंहाची डरकाळी. अशी रील तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल आणि "एकदा तरी करायचंच" म्हणत मित्राला पाठवलीही असेल.

रीलमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे त्याच गाडीत भरलेले पाण्याचे कॅन, जादा डिझेल, दोन स्टेपनी, फावडं आणि परत न्यायची कचऱ्याची पिशवी. आफ्रिकेतल्या दुर्गम अभयारण्यांत असं राहायचं, तर जंगलात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत लागणारी प्रत्येक वस्तू आपल्यासोबत असावी लागते. विसरलेली वस्तू घ्यायला तिथे दुकान नसतं.

हे नियोजन कसं करतात, ते आपण एका खऱ्या ठिकाणाचं उदाहरण घेऊन समजून घेऊ. ते ठिकाण आहे बोत्सवानातलं सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्ह.

हे जंगल केवढं आहे?

1961 साली घोषित झालेलं हे अभयारण्य सुमारे 52,800 चौरस किलोमीटरचं आहे. म्हणजे अख्ख्या केरळपेक्षा मोठं आणि गोव्यासारखी चौदा राज्यं मावतील एवढं. आत गाव म्हणावं अशा अगदी मोजक्या वस्त्या आहेत. पेट्रोल पंप नाही, हॉटेल नाही, मोबाइलला रेंज नाही. पिण्याच्या पाण्याची सोयही नाही.

इथे काळ्या आयाळीचे सिंह, गेम्सबॉक, स्प्रिंगबॉक, चित्ते, वटवाघळासारख्या कानांचे कोल्हे आणि दुर्मीळ तपकिरी तरस दिसतात. उत्तरेकडची डिसेप्शन व्हॅली त्यासाठी प्रसिद्ध आहे. ही हजारो वर्षांपूर्वी आटलेल्या नदीची दरी आहे. लांबून तिथे पाणी चमकल्यासारखं वाटतं, जवळ गेलं की कोरडी जमीन निघते. नावातलं 'डिसेप्शन', म्हणजे फसवणूक, तिला शोभतं.

ताडोबापेक्षा वेगळं काय?

ताडोबात आपण जिप्सीत बसतो, सोबत गाइड असतो, ठरलेल्या वेळी गेटमधून आत जातो आणि ठरलेल्या वेळी बाहेर येतो. रात्री मुक्काम बाहेरच्या रिसॉर्टमध्ये.

कलहारीत गाडी तुम्हीच चालवता आणि मुक्कामही आतच करता. कॅम्पसाइटला कुंपण नसतं. ठरवून दिलेली एक मोकळी जागा, शेकोटीचा खड्डा, खड्ड्याचा संडास आणि बादलीच्या शॉवरचा आडोसा, एवढीच सोय. बादलीत ओतायचं पाणी तुमचं. शेजारची कॅम्पसाइट बहुतेक वेळा नजरेच्या टप्प्यात नसते.

आधी कॅम्पसाइट, मग विमानाचं तिकीट

बरेच जण इथेच चुकतात. स्वस्त तिकीट दिसलं की काढतात आणि मग मुक्कामाची जागा शोधायला लागतात. जंगल प्रचंड मोठं असलं, तरी कॅम्पसाइट मोजक्या आहेत आणि त्या कित्येक महिने आधी भरतात. काही जागांचं बुकिंग वन्यजीव विभागाकडे असतं, काहींचं खासगी कंपन्यांकडे. बुकिंग नसेल तर 'बघू, कुठेतरी तंबू लावू' हा पर्याय नाही. ज्या जागेची पावती हातात आहे, तिथेच राहायचं.

म्हणून क्रम असा ठेवा : महिना ठरवा, कॅम्पसाइट मिळवा, त्यावरून रस्ता आखा, गाडी ठरवा आणि शेवटी तिकीट काढा.

महिना निवडताना एक पेच आहे. जानेवारी ते एप्रिल या काळात पावसामुळे दऱ्यांत गवत येतं आणि कळपच्या कळप जमतात. प्राणी पाहायला हा काळ उत्तम, पण गाडीसाठी वाईट. जून-जुलैत रस्ते कोरडे असतात, मात्र रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. ऑक्टोबरमध्ये तो चाळिशीच्या आसपास पोहोचतो. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मे ते ऑगस्ट हा कोरडा, थंड काळ सोपा.

पाण्याचा हिशोब

सगळं नियोजन इथून सुरू होतं. समजा, चार जण दोन गाड्या घेऊन पाच दिवसांसाठी आत जाणार आहेत.

पिणं आणि स्वयंपाक : माणशी रोज 5 लिटर. चार जण, पाच दिवस, म्हणजे 100 लिटर.

हात-तोंड धुणं, भांडी, अंग पुसणं : माणशी रोज 3 लिटर. म्हणजे 60 लिटर.

गाडी बंद पडली आणि दोन दिवस अडकून पडलात तर : फक्त पिणं-स्वयंपाक धरून 40 लिटर.

एकूण 200 लिटर. आपल्याकडे लग्नात आणि ऑफिसात येणारे 20 लिटरचे जार आठवा. तसे दहा जार.

हे पाणी एकाच मोठ्या टाकीत भरू नका. खडबडीत रस्त्यावर तोटी तुटली किंवा टाकीला चीर गेली, तर सगळं पाणी वाळूत जाईल. वेगवेगळे कॅन घ्या आणि दोन्ही गाड्यांत निम्मे-निम्मे ठेवा. शेवटच्या 40 लिटरच्या दोन कॅनवर खूण करा. ते बाहेर पडेपर्यंत उघडायचे नाहीत. पाणी टपावर बांधायचं नाही. एका गाडीतल्या पाण्याचंच वजन 100 किलो होतं आणि एवढं ओझं वर गेलं की गाडी उलटायचा धोका वाढतो.

डिझेलचा हिशोब

अभयारण्याच्या उत्तर बाजूचं मोठं गाव म्हणजे माउन. मात्स्वेरे गेटकडे जाताना वाटेत राकॉप्स हे गाव लागतं. पण तिथे इंधन मिळेलच असं धरून चालू नका. शेवटचा भरवशाचा पंप माउनचाच समजा.

माउनहून निघून, आत फिरून परत माउनला येईपर्यंत समजा 800 किलोमीटर होतात. त्यातलं निम्मं अंतर डांबरी रस्त्यावर, निम्मं वाळूत. डांबरी रस्त्यावर जी गाडी 100 किलोमीटरला 12 लिटर पिते, तीच वाळूत 20 लिटरपर्यंत जाते. म्हणजे 48 अधिक 80, एकूण 128 लिटर. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरला की 160 लिटर. टाकी 80 लिटरची असेल, तर 20 लिटरचे चार जेरी कॅन सोबत हवेत. हा हिशोब एका गाडीचा आहे.

नकाशावरच्या वेळेवरही विसंबू नका. आत वेगमर्यादा ताशी 40 किलोमीटर आहे आणि मऊ वाळूत तेवढाही वेग मिळत नाही. अंधारात गाडी चालवायला बंदी आहे, त्यामुळे दुपारी उशिरा निघणं परवडत नाही. मोबाइलमध्ये नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा. 'ट्रॅक्स फॉर आफ्रिका'चे नकाशे तिकडचे बहुतेक प्रवासी वापरतात. सोबत एक कागदी नकाशाही ठेवा.

वाळू, गवत आणि काळी माती

वाळूत गाडी रुतू नये याचा मुख्य उपाय म्हणजे टायरमधली हवा कमी करणं. डांबरी रस्त्यावर 32-35 पीएसआय असलेली हवा वाळूत 18-22 पर्यंत उतरवतात. टायर पसरतो आणि वाळूवर तरंगल्यासारखा चालतो. परत डांबरी रस्त्यावर येताना हवा भरावीच लागते, म्हणून गाडीच्या बॅटरीवर चालणारा कॉम्प्रेसर हवा. त्याशिवाय हवा मोजायचं मीटर, फावडं, टोचनचा मजबूत दोर, पंक्चरचं किट आणि दोन स्टेपनी.

गाडी रुतलीच तर अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहू नका, चाकं आणखी खाली जातात. आधी आजूबाजूला प्राणी नाहीत ना ते पाहा, मग उतरा. चाकांपुढची वाळू काढा, हवा आणखी थोडी कमी करा आणि आलेल्या चाकोरीतूनच मागे घ्या.

दुसरा धोका गवताचा. दोन चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात कमरेएवढं वाळलेलं गवत असतं. ते गाडीखाली साचतं आणि तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटतं. त्यात गाड्या जळून गेल्या आहेत. रेडिएटरपुढे बारीक जाळी लावा आणि दर काही किलोमीटरवर वाकून गाडीखाली बघा. गवत उपसायला हातमोजे आणि हाताशी अग्निशामक असू द्या.

पावसाळ्यात तिसरी अडचण येते. दऱ्यांमधली सपाट मैदानं वाळूची नसून चिकणमातीची आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानात पावसात ट्रॅक्टर कसा फसतो, हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना वेगळं सांगायला नको.

जेवण : काय न्यायचं, काय नाही?

बोत्सवानात गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाचा फैलाव रोखण्यासाठी ठिकठिकाणी लांबच लांब कुंपणं आणि तपासणी नाकी आहेत. या नाक्यांवर कच्चं मांस काढून घेतलं जाऊ शकतं. दुधाच्या पदार्थांचे नियमही आधी पाहून घ्या.

आपला कोरडा शिधा इथे कामाला येतो. तांदूळ, मूगडाळ, पोहे, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, चिवडा. राजमा-छोले भिजवायला पाणी आणि शिजवायला गॅस जास्त लागतो, मूगडाळीची खिचडी छोट्या कुकरमध्ये दोन्ही वाचवते. ताटं आधी कागदाने पुसून मग थोड्या पाण्याने धुतली, की पाणी निम्म्यावर येतं.

जंगलातलं सरपण गोळा करायला मनाई आहे. लाकूड बाहेरून विकत घ्या. कचरा पुरू नका, परत आणा. प्राणी तो उकरून काढतात.

पुढे मोरेमी किंवा चोबेसारख्या हत्तींच्या भागात जाणार असाल, तर संत्री-मोसंबी टाळा. हत्तींना त्यांचा वास लांबून येतो. चोबेतल्या सावुटी कॅम्पमध्ये हत्ती पाण्यासाठी न्हाणीघरं फोडायचे, म्हणून त्याभोवती किल्ल्यासारखी भिंत बांधावी लागली.

रात्री काय करायचं?

अंधार पडायच्या आत स्वयंपाक उरका. जेवण झालं की खाण्याची प्रत्येक वस्तू गाडीत बंद करा. तंबूत बिस्किटाचा पुडाही नको. बूट बाहेर ठेवू नका, तरस पळवतात.

सिंह आणि तरस कॅम्पमधून चालत जातात, ही रोजची गोष्ट आहे. बंद तंबूकडे ते सहसा अडथळा म्हणूनच बघतात. धोका उघड्यावर झोपणाऱ्याला आणि अंधारात एकटं फिरणाऱ्याला असतो. रात्री लघवीला जायचं असेल, तर आधी चेन थोडी उघडून बॅटरीचा झोत चहूकडे फिरवा. डोळे चमकले तर थांबा. लहान मुलं सोबत असतील, तर ती दिवसाही हाताच्या अंतरावर हवीत.

मदत कशी बोलवायची?

रेंज नसल्यामुळे सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइटवरून संदेश पाठवणारं उपकरण सोबत असावं. पण ते भारतातून नेऊ नका आणि तिकडे विकत घेऊन आणूही नका. भारतात अशी उपकरणं परवानगीशिवाय बाळगणं बेकायदा आहे आणि विमानतळांवर त्यासाठी प्रवाशांना ताब्यात घेतलं गेलं आहे. गाडीसोबत तिकडेच भाड्याने घ्या आणि परत करून या.

घरच्या एका माणसाकडे तुमचा मार्ग, कॅम्पसाइटची नावं आणि बाहेर पडायची तारीख लिहून ठेवा. त्या तारखेनंतर फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तेही लिहा. विमा घेताना दुर्गम भागातून विमानाने हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते पाहा. आणि गाडी बंद पडली तर चालत निघू नका. माणसापेक्षा गाडी लवकर सापडते, शिवाय पाणी आणि सावली तिच्यापाशीच असते.

कागदपत्रं

आरटीओतून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. बोत्सवानातही आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक चालते, एवढं सोपं आहे. गाडी दुसऱ्या देशातून आणणार असाल, तर सीमा ओलांडायला मालकाचं पत्र लागतं. विमान इथिओपिया किंवा केनियामार्गे असेल, तर यलो फीव्हरच्या लशीचा नियम तपासा. ही लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. उत्तर बोत्सवानात मलेरिया आहे, त्यासाठी डॉक्टरांना विचारा.

हे जंगल रिकामं नव्हतं

एक गोष्ट रील्समध्ये हमखास सुटते. हे अभयारण्य केवळ प्राण्यांसाठी नव्हतं. इथे पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या सान लोकांचं जगणं सांभाळणं, हाही त्यामागचा उद्देश होता. जंगली कलिंगडं आणि जमिनीखालच्या कंदांतून पाणी मिळवत ते या कोरड्या प्रदेशात टिकले.

1997 पासून सरकारने त्यांना टप्प्याटप्प्याने बाहेर हलवलं. 2002 मध्ये मोथोमेलो इथली बोअरवेल बंद करण्यात आली. डिसेंबर 2006 मध्ये हायकोर्टाने त्यांना हटवणं बेकायदा ठरवलं, पण पाणी पुरवणं सरकारवर बंधनकारक केलं नाही. परतलेल्या लोकांना तीच बोअरवेल वापरायचा हक्क अपील कोर्टाकडून मिळायला जानेवारी 2011 उजाडलं.

आपण 200 लिटर पाणी भरून पाच दिवस 'निर्मनुष्य' जंगलात राहायला जातो. तिथल्याच माणसांना पाण्याच्या एका बोअरवेलसाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडावं लागलं. म्हणून आत एखादी वस्ती लागली, तर न विचारता कॅमेरा काढू नका.

ही रील पुढच्या वेळी मित्राला पाठवाल, तेव्हा सोबत एक प्रश्नही पाठवा : "आपण किती जण, किती दिवस?" त्याचं उत्तर आलं, की पाण्याचा हिशोब मांडायला घ्या.