विधानसभेचे मतदान : काही रूढ समज आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले, तेव्हा सुमारे ६६ टक्के मतदारांनी आपला हक्क बजावला असे आकडे सांगतात. पण ओळखपत्र खिशात घालून, रांगेत ताटकळून, अखेर ‘आपले नाव यादीत नाही’ एवढेच उत्तर ऐकून जे नागरिक परत फिरले, त्यांची गणना या टक्केवारीत कोठेच होत नाही, कारण ती यादीतील नावांवरच काढलेली असते. या नागरिकांची निराशा मला फार लागते. कारण तिच्या मुळाशी पुष्कळदा आळस किंवा अनास्था नसून, ओळखपत्र हाती आले म्हणजे मताधिकारही कायमचा हाती आला, हा एक सार्वत्रिक गैरसमज असतो.

राज्यघटनेच्या ३२६व्या अनुच्छेदाने प्रौढ मताधिकार दिला आणि १९८९ मध्ये त्याची वयोमर्यादा २१ वरून १८ वर आली, हे सर्वश्रुत आहे. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ६२व्या कलमाने त्या हक्काचा वापर मतदार यादीतील नोंदीशी बांधून ठेवला आहे, याची जाण फार थोड्यांना असते. नाव यादीत असेल आणि मतदार ओळखपत्र गहाळ झाले असेल, तर आधार कार्ड, वाहन परवाना, पारपत्र, पॅन कार्ड, छायाचित्र असलेले बँकेचे वा टपाल खात्याचे पासबुक, रोजगार हमीचे जॉब कार्ड अशा निवडणूक आयोगाने मान्य केलेल्या दस्तऐवजांपैकी कोणताही एक पुरतो. उलट ओळखपत्र कितीही अस्सल असले तरी यादीत नाव नसेल, तर मतदान करू देण्याचा अधिकार केंद्राध्यक्षालाही नसतो. घरपोच मिळणारी मतदार चिठ्ठी भाग क्रमांक, अनुक्रमांक आणि केंद्र शोधण्यापुरती उपयोगी. २०१९ पासून ओळखीचा पुरावा म्हणून ती चालत नाही.

या गैरसमजाला खतपाणी घालणारा एक संदेश निवडणुकीच्या तोंडावर मोबाइलवरून हटकून फिरू लागतो. यादीत नाव नसल्यास ‘कलम ४९-अ’ अन्वये ‘चॅलेंज व्होट’ मागावे, आणि एखाद्या केंद्रावर १४ टक्क्यांहून अधिक प्रदत्त मते पडली तर तेथे फेरमतदान होते, असा त्याचा आशय. यातील एकही विधान खरे नाही. निवडणूक संचालन नियम, १९६१ यांतील ४९-अ हा नियम मतदान यंत्राच्या रचनेविषयी आहे. यंत्राने होणाऱ्या मतदानात आक्षेप घेण्याची तरतूद ४९-जे या नियमात असून ती मतदारासाठी नव्हे, तर उमेदवाराच्या मतदान प्रतिनिधीसाठी आहे: समोरच्या इसमाच्या ओळखीविषयी त्याला शंका आली, तर दोन रुपये अनामत भरून तो हरकत घेतो, केंद्राध्यक्ष तेथल्या तेथे संक्षिप्त चौकशी करतात, आणि हरकत शाबीत न झाल्यास मतदाराला मत देऊ दिले जाते.

प्रदत्त मताची गोष्ट निराळी. आपले नाव यादीत आहे, पण आपण पोहोचण्यापूर्वीच कोणी तोतया त्या नावावर मत देऊन गेला आहे, असे ज्याला आढळते, त्याने हताश होऊन घरी जाण्याचे कारण नाही. केंद्राध्यक्षांच्या प्रश्नांना समाधानकारक उत्तरे देऊन त्याने आपली ओळख पटविली की त्याला कागदी मतपत्रिका मिळते आणि ती स्वतंत्र पाकिटात बंद करून ठेवली जाते. नेहमीच्या मतमोजणीत हे मत धरले जात नाही. मात्र म्हणून ते व्यर्थ मानू नये: राजस्थानातील नाथद्वारा मतदारसंघात २००८ साली निकाल अवघ्या एका मताने लागला, आणि त्यावरील निवडणूक याचिकेत प्रदत्त मतांचाच प्रश्न उपस्थित होऊन प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

तात्पर्य, मतदानाची खरी तयारी मतदानाच्या दिवसाआधी कितीतरी दिवस करावयाची असते. नव्या नोंदणीसाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी किंवा तपशिलाच्या दुरुस्तीसाठी नमुना ८ भरावा लागतो, आणि गावातील अंगणवाडी सेविका किंवा प्राथमिक शिक्षक यांच्याकडे बहुधा सोपविलेले मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचे काम याच कारणासाठी असते. पूर्वी १ जानेवारी ही वयाची एकच अर्हता तारीख होती. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरल्या जातात. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की मात्र त्या निवडणुकीपुरती यादी गोठते.

येथेच चाकरमान्यांच्या घरांतून आढळणारा आणखी एक समज पाहू. गावी वडिलोपार्जित घर आहे, तेव्हा मुंबईबरोबर गावच्या यादीतही नाव ठेवण्यास हरकत नाही, असे पुष्कळांना प्रामाणिकपणे वाटते. कायदा पाहतो तो सर्वसाधारण रहिवास. केवळ घराची मालकी हा त्याचा पुरावा नव्हे, असे १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने स्पष्ट म्हटले आहे, आणि दोन मतदारसंघांत मत दिल्यास दोन्ही मते रद्द ठरतात. भारतीय नागरिकत्व कायम ठेवून दुबईत वा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला पारपत्रावरील पत्त्याच्या मतदारसंघात नाव नोंदविता येते, परंतु मत देण्यासाठी मूळ पारपत्रासह जातीने हजर राहावे लागते.

विधानसभेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो हाही गैरसमजच. ती भारत निवडणूक आयोगाच्या अखत्यारीत असते, आणि राज्य आयोगाकडे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुका असतात. या भेदामुळे ‘नोटा’ म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ या पर्यायाविषयी घोटाळा होतो. राज्य आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक निवडणुकांपुरते असे ठरविले, की ‘नोटा’ला सर्वाधिक मते पडल्यास फेरनिवडणूक घ्यावी. विधानसभेला हा नियम लागू नाही. तेथे ‘नोटा’ कितीही पुढे असो, उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तोच निवडून येतो.

राहिला गुप्ततेचा प्रश्न, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण ‘कोणाला मत दिले ते आम्हाला कळते’ ही धमकी आजही गोरगरिबांना ऐकावी लागते. प्रत्यक्षात काय घडते? पहिला अधिकारी यादीत नाव पाहून ते मोठ्याने वाचतो. दुसरा डाव्या तर्जनीला शाई लावून नोंदवहीत सही किंवा अंगठा घेतो. तिसऱ्याने कंट्रोल युनिटची कळ दाबली, की आडोशामागील यंत्र एका मतापुरते खुले होते. बटण दाबताच उमेदवारापुढील तांबडा दिवा लागतो, आणि व्हीव्हीपॅट या छपाई यंत्राच्या काचेआड त्याचा अनुक्रमांक, नाव व चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसून खालच्या पेटीत पडते. त्या चिठ्ठीवर मतदाराचे नाव नसते, आणि ती मतदाराच्या हातीही येत नाही. केंद्रवार बेरीज पुढे जाहीर होते हे खरे, पण त्या बेरजेतून एकट्या माणसाचे मत वेगळे काढता येत नाही. चिठ्ठीवर भलतेच नाव उमटले अशी तक्रार असल्यास लेखी निवेदन देऊन केंद्राध्यक्षांसमक्ष चाचणी मत मागता येते. मात्र तक्रार खोटी ठरली तर ती शिक्षेस पात्र असते. दृष्टिहीन किंवा दुर्बल मतदाराला अठरा वर्षांवरील सोबती आत नेता येतो. ८५ वर्षांवरील आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना नमुना १२-ड मुदतीत भरून घरूनच मत देता येते.

मतदानाच्या दिवशी पगारी सुटी मिळणे हा खाजगी आस्थापनांतील आणि रोजंदारीवरील मतदारांचाही कायदेशीर हक्क आहे. मतदानाची वेळ संपताच दार बंद होते ही समजूतही अपुरी आहे. त्या क्षणी जे रांगेत उभे असतील त्यांना शेवटच्या माणसापासून सुरुवात करून सहीच्या चिठ्ठ्या वाटल्या जातात, आणि त्या सर्वांचे मत घेतल्यावाचून मतदान बंद करता येत नाही, मग रात्र का होईना.