परवानगीचे संशोधन

निवडणुकीचा प्रचार पूर्वी मैदानांतील सभांतून, भिंतींवरील पत्रकांतून आणि वृत्तपत्रांच्या स्तंभांतून होत असे. कोण काय बोलले, हे सर्वांस दिसत असे. आज त्याचा मोठा भाग समाजमाध्यमांवरून होतो, आणि कोणास काय दिसावे हे कंपन्यांची यंत्रणा ठरविते. ह्या प्रचाराचा लोकमतावर परिणाम काय, हे पारखणे विद्यापीठांचे कर्तव्य होय. परंतु त्यासाठी लागणारी माहिती त्याच कंपन्यांच्या तिजोरीत आहे.

तिजोरी उघडली म्हणजे काय लाभते, हे २०१८ साली दिसले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी ट्विटरवरील २००६ ते २०१७ ह्या काळातील सुमारे १,२६,००० बातम्यांचा प्रवास तपासला. खोटी बातमी पुढे धाडली जाण्याचा संभव खरीहून ७० टक्क्यांनी अधिक निघाला; राजकीय बातम्यांत ही तफावत विशेष होती. आणि दोष स्वयंचलित खात्यांचा नसून मुख्यतः माणसांचाच होता!

उलट, २०२० च्या अमेरिकन निवडणुकीच्या वेळी फेसबुकवर प्रयोग झाले, त्यांचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. मजकूर यंत्रणेच्या निवडीऐवजी वेळेच्या क्रमाने दाखविला, तरी तीन महिन्यांत लोकांच्या राजकीय मतांत लक्षणीय पालट झाला नाही. सर्व खापर यंत्रणेवर फोडणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. मात्र तेथे माहितीची कवाडे कंपनीच्याच हाती होती. प्रकल्पाचे स्वतंत्र निरीक्षक प्रा. मायकेल वॅग्नर ह्यांनी ह्या स्वातंत्र्यास परवानगीने मिळालेले स्वातंत्र्य म्हटले, ते यथार्थ होय.

परवानगी देणारा ती काढूनही घेतो. ट्विटरने २०२३ साली संशोधकांची विनामूल्य वाट बंद केली. फेसबुकच्या मालक कंपनीने क्राउडटँगल हे अभ्यासाचे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी, अमेरिकन निवडणुकीस तीन महिनेही उरले नसताना, मिटविले.

युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांवर संशोधकांस माहिती देण्याचे बंधन घातले. ज्या देशात २०२४ साली ६४ कोटींहून अधिक नागरिकांनी मतदान केले, त्या आपल्या देशात असे बंधन नाही. नागरिकांच्या खाजगीपणाचा आक्षेप रास्त आहे. पण नावे गाळून, जबाबदार संस्थांच्या देखरेखीखाली अभ्यास करता येतो. मतपेटी उघडताना साक्षीदार लागतात. मत ज्या प्रचाराने घडते, त्याच्या तपासणीस मात्र कोणीच साक्षीदार नसावा काय? संसदेने ह्याचा विचार अविलंब करावा, असे आम्हांस वाटते.