तिसऱ्या दिवसाची तयारी

सातवा महिना लागला की घरात बाळंतपणाच्या तयारीला वेग येतो. डोहाळजेवण होतं, डिंक-खारकांची खरेदी होते, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून ठेवली जातात, कोणत्या दवाखान्यात नाव घालायचं आणि तिथं खोलीचं भाडं किती याची चौकशी होते. बाळाला अंगावर पाजण्याची तयारी मात्र या यादीत कुठंच नसते; ते आईला आपोआप जमतं असं सगळेच धरून चालतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे काही वेगळं सांगतात. २०१५-१६ च्या चौथ्या पाहणीत देशातली ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली होती. २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेलं. जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालेल्या बाळांचं प्रमाण याच काळात ४१.६ वरून ४१.८ टक्क्यांवर आलं, म्हणजे जागचं हललंच नाही. महाराष्ट्रात तर जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि पहिल्या तासात दूध मिळणारी बाळं निम्म्याहून थोडीच जास्त. डॉक्टर, परिचारिका, औषधं सगळं हाताशी असूनही बाळ आईच्या छातीपर्यंत वेळेत पोचत नसेल, तर उणीव निराळ्याच ठिकाणी आहे. ती आईच्या इच्छेत नाही, आणि तिच्या माहितीतही फारशी नाही. तिच्या भोवतीची माणसं तयार नसतात, ही खरी अडचण.

पहिल्या बहात्तर तासांत शरीरात काय घडतं ते पाहिलं की हे पटायला सोपं जातं. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत चीक तयार होऊ लागतो, पण प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा जोर असेपर्यंत दुधाचा ओघ सुरू होत नाही. वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्यानं उतरतं, दूध बनवायला लावणाऱ्या प्रोलॅक्टिनला वाट मोकळी होते आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दूध भरून येतं. पहिलटकरणीला, सिझेरियन झालेल्या किंवा मधुमेह असलेल्या बाईला याहून थोडा उशीरही लागू शकतो. तोवर असतो तो फक्त चीक, घट्ट, पिवळसर, पहिल्या दिवसभराचा मिळून जेमतेम दोन-तीन मोठे चमचे. बघणाऱ्याला ते काहीच वाटत नाही. पण बाळही तेव्हा एका वेळी चमचाभरच घेतं, आणि त्या चमचाभरात संसर्गाशी लढणारी प्रथिनं दाटून भरलेली असतात. निरोगी बाळाचं वजन या दिवसांत सात टक्क्यांपर्यंत, क्वचित दहा टक्क्यांपर्यंतही उतरतं आणि साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं. बाळ दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा ओढायला लागतं. दुसऱ्या रात्री तर पुष्कळ बाळं छाती सोडायलाच तयार नसतात. हे बिघाडाचं लक्षण नव्हे. ओढण्यानंच प्रोलॅक्टिन वाढतं, ओढण्यानंच ऑक्सिटोसिन स्रवून पान्हा फुटतो, आणि स्तनात दूध साचून राहिलं तर शरीर ते बनवणं कमी करतं. जितकं ओढलं जाईल तितकं तयार होईल, असा सरळ हिशेब.

हा हिशेब घरातल्या माणसांना कुणी आधी सांगितलेला नसतो. त्यामुळे दुसऱ्या रात्री बाळ रडायला लागलं की खोलीत जमलेल्यांपैकी कुणीतरी निदान करून टाकतं : हिला दूधच नाही. मग मध चाटवला जातो, गुटी उगाळली जाते किंवा कोपऱ्यावरच्या दुकानातून पावडरीचा डबा येतो. वरचं दूध प्यायलेलं बाळ झोपतं, ओढण्याची एक वेळ चुकते, स्तन दाटून कडक होतात, कडक स्तन बाळाच्या तोंडात नीट बसत नाही, आईची कातडी सोलवटते आणि पुढच्या वेळी ती दुखण्याच्या भीतीनं आखडते. चौथ्या-पाचव्या दिवशी दूध खरोखरच कमी पडू लागतं आणि दुसऱ्या रात्रीचं निदान खरं ठरतं! गंमत अशी की यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. आजीला बाळाचं रडणं बघवत नाही, बापाला बायकोचं दुखणं बघवत नाही, आणि डबा फोडणं हाच त्या क्षणी सगळ्यात मायेचा उपाय वाटतो. मधाबद्दल मात्र हयगय नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा दुर्मिळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो.

आता कुणी म्हणेल, मग गरोदरपणीच वर्ग घ्या, पुस्तिका वाटा, प्रश्न सुटेल. इथं जरा थांबायला हवं, कारण हा उपाय आजमावून झालेला आहे. गरोदर बायकांना स्तनपानाचं शिक्षण देण्याबद्दलच्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये एकत्र आढावा घेतला. चोवीस चाचण्या आणि दहा हजारांवर बायका पाहूनही, निव्वळ आधी दिलेल्या शिक्षणानं स्तनपान वाढतं असा ठाम पुरावा त्यांना मिळाला नाही. बाळंतपणाच्या वर्गांची जाहिरात करणारे हा निष्कर्ष सहसा सांगत नाहीत. मला तो मुळीच निराशाजनक वाटत नाही. रंगीत पडद्यावर पाहिलेलं चित्र पहाटे तीन वाजता, टाके दुखत असताना, रडणाऱ्या बाळाला घेऊन आठवायचं आणि आठवलं तरी शेजारी बसलेल्या दोन वडीलधाऱ्या बायकांना पटवून द्यायचं, ही अपेक्षाच अवास्तव आहे. पाण्यात उतरवल्याशिवाय पोहणं शिकवण्यासारखा तो प्रकार आहे. त्या वेळी हात धरून दाखवणारं माणूस लागतं.

असं माणूस दिलं की काय होतं, याचा सगळ्यात मोठा पुरावा बेलारूसमधून आला. तिथं १९९६-९७ मध्ये एकतीस प्रसूतिगृहं आणि त्यांना जोडलेले बालदवाखाने घेऊन सतरा हजारांवर माता-बाळांची चाचणी झाली. निम्म्या ठिकाणच्या कर्मचाऱ्यांना, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या बालस्नेही रुग्णालय कार्यक्रमानुसार, आईला मदत कशी करायची ते शिकवलं; बाकीच्या ठिकाणी नेहमीची पद्धत चालू राहिली. दोन्हीकडच्या आयांनी अंगावर पाजायचं ठरवलंच होतं, म्हणजे इच्छेत फरक नव्हता. तीन महिन्यांनी पहिल्या गटातली ४३.३ टक्के बाळं निव्वळ आईच्या दुधावर होती. दुसऱ्या गटात ६.४ टक्के. पहिल्या गटात वर्षभरातले जुलाब-उलट्यांचे संसर्गही स्पष्ट कमी होते. आपल्याकडे हरियाणाच्या खेड्यांत अशीच चाचणी झाली आणि २००३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिथं दायी, अंगणवाडी ताई, परिचारिका या गावातच असलेल्या माणसांनी निरनिराळ्या भेटींत तेच ते सांगितलं, अडचण विचारली, मार्ग काढून दिला. तीन महिन्यांनी निव्वळ स्तनपान ७९ टक्के, आणि तुलनेच्या गावांत ४८ टक्के. महागडं यंत्र नाही, नवी औषधं नाहीत.

म्हणून गरोदरपणातल्या तयारीचा अर्थ बदलायला हवा. बाईच्या डोक्यात माहिती भरणं हे या तयारीचं काम नसून, तिसऱ्या दिवशी तिच्याजवळ कोण असेल आणि ते माणूस काय करेल हे ठरवणं हे तयारीचं काम आहे. महाराष्ट्रात इथं एक खास अडचण येते. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत अजून बरीच टिकून आहे. बाई नऊ महिने तपासणीला जाते पुण्याला, सोबत असतो नवरा किंवा सासू; आणि बाळंत होते लातूरला, उशाशी असते तिची आई. डॉक्टरांनी सांगितलेलं जे काही असतं ते पुण्यातच राहतं. आईला माहीत असतं ते तिच्या स्वतःच्या बाळंतपणातलं, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं. तेव्हा डोहाळजेवणाला सगळ्या बायका जमतातच, तर त्याच दुपारी अर्धा तास परिचारिका किंवा आशाताईला बोलावून चीक किती येतो, बाळ दुसऱ्या रात्री का रडतं, वजन का उतरतं एवढंच आजीच्या देखत बोलून घेतलं तर वर्गापेक्षा त्याचा उपयोग जास्त. आजी शत्रू नव्हे. पटलं की तीच सगळ्यात खमकी पहारेकरी होते.

आणि नवरा? इटलीत २८० जोडप्यांच्या एका अभ्यासात, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सगळ्या आयांना सल्ला मिळाला, पण फक्त निम्म्या वडिलांना नेहमीच्या अडचणी ओळखून सोडवायला शिकवलं. सहा महिन्यांनी शिकवलेल्या वडिलांच्या घरांत पूर्ण स्तनपान २५ टक्के, इतर घरांत १५ टक्के. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे. ‘दूध पुरत नाही’ असं वाटणाऱ्या आया पहिल्या गटात ८.६ टक्के आणि दुसऱ्या गटात २७ टक्के. बायकांची शरीरं तर दोन्ही गटांत सारखीच. दूध पुरत नाही ही तक्रार पुष्कळदा घरातल्या धीराच्या अभावातून येते, याचा याहून चांगला दाखला मिळणं कठीण.

आमच्या आज्यांना कुणी शिकवलं होतं, असा एक आक्षेप हमखास येतो. त्यांना शिकवलं होतं, फक्त वर्ग भरवून नव्हे. भरल्या घरात काकू, जाऊ, वहिनी पाजताना मुली लहानपणापासून पाहत. आज कित्येक बायका पहिलं नवजात बाळ हातात घेतात ते स्वतःचंच. शिवाय जुनं सगळं चांगलंच होतं असंही नाही. अनेक घरांत चीक पिळून टाकला जाई आणि बाळाला दोन-तीन दिवस गुळाच्या किंवा साखरेच्या पाण्यावर ठेवलं जाई.

घराइतकाच दवाखाना महत्त्वाचा, आणि तिथं तयारी म्हणजे नाव घालतानाच विचारून ठेवणं. पाचव्या पाहणीत महाराष्ट्रातलं दर चौथं बाळंतपण सिझेरियननं झालेलं दिसतं. शस्त्रक्रिया बहुधा कमरेखालची भूल देऊन होते, आई शुद्धीत असते. दोघंही बरी असतील तर बाळाला तिच्या छातीशी लावायला तासभर थांबण्याचं कारण नसतं. तरी बाळ पुसून, गुंडाळून बाहेर नातेवाइकांच्या हाती जातं आणि आई तीन-चार तासांनी खोलीत येते. बाळ कधी देणार, रात्री ते आईजवळच राहील का, पाजायला मदत कोण करतं, वरचं दूध कुणाला विचारून देतात, हे प्रश्न सातव्या महिन्यात विचारले तर उत्तर मिळतं. कळा सुरू झाल्यावर विचारायचं भान नसतं. पावडरच्या दुधाची जाहिरात करायला, आयांना फुकट डबे वाटायला १९९२ च्या कायद्यानं बंदी आहे, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. पण खोलीत आयता डबा आला तर तो नाकारायचा की नाही, हे कायदा ठरवत नाही.

सगळ्यात गंभीर आक्षेप वेगळा आहे : या आग्रहानं आईवर अपराधीपणाचं ओझं पडतं. तो खरा आहे. थायरॉइडचा विकार, स्तनावरची जुनी शस्त्रक्रिया, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव अशा कारणांनी काही बायकांना पुरेसं दूध खरोखर येत नाही, आणि त्यांच्या बाळांना वरचं दूध द्यावंच लागतं. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसात सहापेक्षा कमी वेळा लघवी करत असेल, सुस्त असेल, नीट ओढत नसेल, कावीळ वाढत असेल तर तत्त्वाला चिकटून बसणं धोक्याचं. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकारानं १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली तीही हेच ओळखून, की प्रत्येक बाळाला स्वतःच्या आईचं दूध दर वेळी मिळेलच असं नाही. पण ओझं पडतं ते नुसत्या उपदेशानं. ‘आईचं दूध अमृत’ अशी भित्तिपत्रकं लावायची आणि पहाटे तीनला मदतीला कुणी नाही, यातूनच ती स्वतःला दोष देऊ लागते. मदत हजर असेल तर न जमण्याचं कारणही लवकर सापडतं.

ही मदत आज कुणाला मिळते हे पाहिलं तर चित्र थोडं उलटंच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी घरोघरी नवजात बाळाच्या देखभालीचं जे काम उभं केलं, त्यातून पुढे आशाताईंच्या गृहभेटी देशभर आल्या. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं; तिसरा दिवस त्यात पहिला आहे, हे विशेष. शहरातल्या सोसायटीत, खाजगी दवाखान्यातून घरी आलेल्या बाईकडे असं कुणी येत नाही. तिच्याकडे असतो फोन, आणि त्यावर दहा जणींचे दहा सल्ले. २०१७ च्या दुरुस्तीनं संघटित क्षेत्रातल्या आईला सव्वीस आठवड्यांची रजा मिळाली. शेतात, बांधकामावर, घरकामावर जाणाऱ्या बाईपर्यंत ती पोचलीच नाही. वडिलांच्या रजेचं तर खाजगी नोकरीत कायद्यानं काही बंधनच नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला पंधरा दिवस मिळतात. ज्यांना मोजकीच सुट्टी काढता येते ते वडील ती बहुधा बाळंतपणाच्या दिवशी आणि बारशाला वापरतात. बारशाला घर माणसांनी भरलेलंच असतं. दुसऱ्या रात्रीपासून पाचव्या दिवसापर्यंत ती सुट्टी ठेवली, तर बाळाला उचलून आईजवळ देणारा, तिला उशी लावून बसवणारा, पाण्याचा तांब्या भरून ठेवणारा आणि डबा घेऊन आलेल्या मावशींना दारातच चहा देऊन बसवणारा एक माणूस घरात असेल.