ठिपका जपायचा तर

अब्बांची कवितांची वही वाळवीनं खाल्ली. तिच्या पानांची चित्रं तेवढी उरली, म्हणून या विषयाशी माझा संबंध आला. एरवी मी बी.ए. झालेला कवी, संगणकाच्या फायलींशी माझं काय काम!

वही धुळ्याला फुफींकडे, म्हणजे आत्याकडे होती. आतेभावानं पानं स्कॅन करून मला जळगावला पाठवली. मी कडा कापल्या, उजेड वाढवला आणि दर वेळी त्याच 'जेपेग' फायलीत पुन्हा साठवलं. मूळ प्रत वेगळी ठेवावी, हे दोघांनाही सुचलं नाही.

जेपेग १९९२ साली प्रमाण ठरलं, ते छायाचित्रांसाठी. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडायचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा बारकावा टाकून द्यायचा, ही त्याची रीत. केळीची बाग, तापीचं पात्र, लग्नातले चेहरे यांना ती मानवते. फाइल लहान होते, चटकन उघडते. अक्षराचं तसं नाही. काळ्या रेघेच्या काठाशी पुसट घाण जमते. बदल करून पुन्हा साठवलं की आणखी काही गळतं. नुसतं उघडून पाहिल्यानं मात्र बिघडत नाही.

आणि आपल्याकडे एका ठिपक्यावर केवढं अवलंबून! 'मंद'चा ठिपका गेला की 'मद' उरतो. उर्दू लिपीत वरचा ठिपका खाली आला की 'खुदा'चा 'जुदा' होतो.

अक्षरांसाठी 'पीएनजी' बरं. १९८७ च्या 'जिफ'मधल्या आकुंचनाच्या रीतीवर पेटंटचा वाद झाला, त्यातून ते १९९६ मध्ये आलं. ते काहीही टाकून देत नाही. छायाचित्र मात्र त्यात जड होतं. २०१० चं 'वेबपी' दोन्ही रीतींनी चालतं.

पण हे सारं लोकांना दाखवायच्या प्रतींसाठी. घरची मूळ प्रत 'टिफ'मध्ये असावी. ए-फोर आकाराचं रंगीत पान, इंचाला तीनशे ठिपके, म्हणजे सुमारे पंचवीस एमबी. असू द्या! धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुनी मोडी कागदपत्रं आहेत. अशा कागदांवर शाईचा फिकेपणा, डाग, कागदाचा रंग हाही पुरावाच असतो. निव्वळ काळं-पांढरं केलं तर फाइल चिमुकली होते, पण पुसट शाई कागदात विरून जाते.

शिवाय चित्रातला शब्द शोधयंत्राला सहसा नीट सापडत नाही, हस्ताक्षर तर नाहीच. म्हणून चित्राशेजारी युनिकोडमध्ये मजकूर टंकावा.

तोच टंकताना मी अडलो. एका ओळीत अब्बांनी 'वंश' लिहिलंय की 'वश'? वर दिसतो तो ठिपका की जेपेगची घाण? फुफींनाही सांगता येईना. त्या शब्दापुढं मी प्रश्नचिन्ह ठेवलं आहे.