वादकाचे कान

फाल्गुन आला की पेडणे व डिचोली तालुक्यांत गावोगावच्या मांडांवर शिगम्याचे वाद्य घुमू लागते. रोमटात ढोल, ताशा आणि कांसाळे यांचा असा कल्लोळ उठतो की, दूर उभ्या असलेल्याचेही पाय थिरकावेत. आपण घटकाभर ऐकतो आणि घरी परततो. वादक मात्र रात्ररात्र त्या नादाच्या मध्यभागी असतो. त्याच्या कानांचे काय होत असेल?

हा प्रश्न आम्हांला पडला तो एका वृद्ध ताशेवाल्यांमुळे. शिगमा संपला तरी दोन-तीन दिवस आपले कान वाजत राहतात, असे ते हसत हसत सांगत. पुढे नातवाची हाकही त्यांना ऐकू येईनाशी झाली.

कान वाजणे ही धोक्याची सूचना होय. अंतःकर्णात नाद टिपणाऱ्या सुमारे १५,००० नाजूक पेशी असतात. प्रचंड आवाजाने त्या थकतात, वारंवार मारा झाला तर मरतात आणि पुन्हा कधीही उगवत नाहीत. ८५ डेसिबल आवाज ८ तास सोसता येतो, असे मानतात. पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते आणि अगदी जवळ वाजणारा ताशा ही मर्यादा सहज ओलांडतो.

बहिऱ्या बेथोव्हेनची नववी सिंफनी १८२४ साली रंगमंचावर आली खरी. पण त्याचे संगीत कागदावर उतरत होते. मांडावरचा ताल एका कानातून दुसऱ्या कानात जातो. जाणत्या वादकाचे कान गेले, तर शिष्याची चूक कोण ओळखणार?

उपाय अवघड नाहीत. कापसाचा बोळा फारसा उपयोगी नाही. औषधांच्या दुकानात मिळणारे मऊ फोमचे बोळे कानात नीट बसवावेत. सूर न बिघडवता आवाज कमी करणारे, खास वादकांसाठी केलेले बोळेही मिळतात. वादकांनी आळीपाळीने विसावा घ्यावा, कर्ण्यापासून दूर राहावे आणि वर्षातून एकदा श्रवणशक्ती तपासून घ्यावी.

२०१९ साली गोवा सरकारने घुमटाला वारसा-वाद्याचा मान दिला. वाद्याचा गौरव झाला, आता वादकाच्या कानांचीही चिंता वाहू या. आणि वाचकहो, आपल्या गावच्या गणेशोत्सवात मुले ढोल गळ्यात अडकवतील, तेव्हा त्यांच्या खिशात कानांचे बोळे आहेत ना, एवढे अवश्य पाहा.