गळके छप्पर आणि घरमालकाचे दायित्व
कर्जत तालुक्यातील कडावसारख्या मुसळधार पावसाच्या गावात भाड्याच्या घराचे कौल सरकून पाणी गळू लागले आणि भिंतींना ओल आली, की दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मधील कलम 14 प्रमाणे, विरुद्ध करार नसल्यास घर राहण्याजोगे ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. लेखी नोटीस मिळूनही किमान 15 दिवसांच्या वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती न केल्यास भाडेकरू ती स्वतः करून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतचा खर्च भाड्यातून वळता करू शकतो. पाणी किंवा वीज तोडून भाडेकरूला जेरीस आणण्यास कलम 29 मनाई करते, तर करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी कलम 55 मालकावरच टाकते.

मात्र हा कायदा त्याच्या अनुसूचींत, म्हणजे जोडलेल्या याद्यांत, नमूद केलेल्या क्षेत्रांपुरता असल्याने गावात तो लागू आहे का, हे आधी तपासावे लागते. तो लागू नसेल तेथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 चा आधार उरतो, ज्याच्या कलम 108 नुसार सहज न दिसणारा मोठा दोष मालकाला ठाऊक असल्यास तो त्याने आधीच सांगितला पाहिजे. याबाबत इंग्लंडचे उदाहरण पाहण्याजोगे आहे: तेथील स्थानिक परिषदा 2004 च्या कायद्यानुसार घरातील धोके तपासून मालकाला सुधारणेचा आदेश देतात. आपल्याकडील ग्रामपंचायतींनाही असा स्पष्ट अधिकार मिळणे अत्यंत गरजेचे आहे.