पटावर नाव लागल्यानंतर

पटावर सगळ्या जातींची नावे आली म्हणजे शाळा सगळ्यांची झाली, असे वऱ्हाडात कधीच घडले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी शाळा कागदोपत्री सर्वांसाठी खुली होती. प्रत्यक्षात अस्पृश्य मुले ओसरीवर गोणपाट टाकून बसत, आणि कोणी वरून ओतेल तेव्हाच त्यांना पाणी मिळे.

बाहेरगावी शिकायचे तर राहण्या-जेवण्याचा प्रश्न त्याहून बिकट होता. वसतिगृहे बहुधा ज्या-त्या समाजाची असत. कारंजा लाडला १९१८ मध्ये निघालेले महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल धर्मशिक्षणाला आधुनिक विषयांची जोड देणारे, नावाजलेले. पण ज्या समाजात देणगीदारच नव्हते, त्याच्या पोरांनी जायचे कुठे?

पापळच्या शेतकरी कुटुंबातले, काही काळ कारंज्यात शिकलेले डॉ. पंजाबराव देशमुख यांनी याचे उत्तर शोधले. विलायतेहून १९२६ मध्ये परतल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले. घरोघरी मूठमूठ धान्य गोळा करणाऱ्या मुष्टिफंडाचा त्याला आधार होता. तिथे सवर्ण आणि अस्पृश्य मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये हाच प्रयोग सुरू केला होता, आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्येच अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम काढला होता. पंजाबराव मात्र छात्रालयावर थांबले नाहीत. अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. शाळेशी याचा संबंध उघड आहे: शाळेतला माठ गावच्या विहिरीवरच भरला जाई.

स्वातंत्र्यानंतर अस्पृश्यता घटनेने बंद केली. तिच्या कारणावरून शाळेत किंवा वसतिगृहात प्रवेश नाकारणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांतील मुलांशी भेदभाव होऊ न देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आणि खासगी शाळांच्या पहिलीत २५ टक्के जागा अशा मुलांसाठी ठेवल्या. शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट, असा बदल महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैत रद्द केला. पंगतीचा प्रश्नही न्यायालयापर्यंत गेलाच. शाळेत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला, आणि २००४ मध्ये स्वयंपाकी व मदतनीस नेमताना दलित आणि आदिवासींना प्राधान्य द्यायला सांगितले. खिचडी कोणाच्या हातची, यावर गावाची खरी परीक्षा होते. नुसत्या परिपत्रकाने ती होत नाही.

कारंजा ज्यात येते त्या वाशिम जिल्ह्यात या प्रश्नाला भाषेचीही बाजू आहे. बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी कारंज्याशेजारच्या मानोरा तालुक्यात आहे, आणि या भागात तांडे पुष्कळ. तांड्यावरचे मूल घरी गोरमाटी बोलते; पहिलीत पुस्तकातली मराठी त्याला जवळजवळ परकी असते. ते गप्प बसले की मठ्ठ ठरते, आणि हा भेदभाव कोणत्याच नोंदवहीत येत नाही. गोरमाटी समजणारा एखादा शिक्षक मिळाला, तर वर्गाचा नूर लवकर पालटतो. आईवडील हंगामी कामासाठी बाहेर पडले की मुलांची शाळाही सुटते. त्यांना गावातच ठेवून जेवण व अभ्यासाची सोय करणारी हंगामी वसतिगृहे त्यासाठी आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात जागा मिळावी, असे कायदा सांगतो. मजुरी न बुडवता त्यांना बैठकीला यायचे, तर ती बैठक संध्याकाळी ठेवावी लागते.